गणेशोत्सवातील मेळे

एखाद्या पेठेतील, आळीतील किंवा चाळीतील मुले व तरुण एकत्र येत, एकसारखा पोशाख करत आणि महिना-दीड महिना तालमी करून बसवलेली पद्ये गणपतीपुढे मिळून गात. गणेशोत्सवातील मेळा तो हाच. १८९४ पासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुणे, मुंबई, नाशिक, सातारा, सोलापूर, बेळगाव अशा अनेक शहरांत सार्वजनिक गाण्याचा हा फार मोठा आधार होता. त्या काळी संगीत नाटकाला तिकीट लागे, बैठकीचे गाणे ठरावीक श्रोत्यांपुरते असे, आणि कीर्तनात बुवा गात व श्रोते फार तर गजराला साथ देत. मेळ्यात मात्र गाणारे आणि ऐकणारे एकाच वस्तीतले असत. शेजारच्या बिऱ्हाडातला मुलगा पुढे उभा राहून गातो आहे आणि त्याचे पद्य त्याच आळीतल्या कुणी शिक्षकाने रचले आहे, याचे कौतुक श्रोत्यांना होते आणि मेळ्याचे बळही त्यातच होते.

मिळून गाण्याची रीत महाराष्ट्राला नवी नव्हती. वारकऱ्यांच्या दिंडीत टाळकरी एका सुरात अभंग धरतात, गावोगावची भजनी मंडळे एकादशीला रात्र जागवतात, शाहिरामागे उभे राहून झीलकरी धृपद उचलतात, कलगी-तुऱ्याचे फड एकमेकांना सवाल टाकून रात्रभर गातात. मेळ्याने या सगळ्यांतून काही ना काही घेतले. पण त्याचा सर्वांत जवळचा नमुना मोहरमच्या टोळ्यांत होता. एकोणिसाव्या शतकात पुण्यात व इतर गावांत मोहरम हा हिंदूंचाही सण असे. हिंदू कुटुंबे नवसाने ताबूत बसवत, फकिरी घेत, आणि निरनिराळ्या आळ्यांच्या टोळ्या रंगीत पोशाख करून गात-नाचत ताबुतापुढे चालत. वाद्ये वाजवणाऱ्यांत हिंदू पुष्कळ असत.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला आणि हे चित्र बदलले. घरोघरी दीड, पाच किंवा दहा दिवस बसणारा गणपती त्याच सुमारास पुण्यात सार्वजनिक झाला. भाऊसाहेब रंगारी, नानासाहेब खासगीवाले अशा मंडळींनी आरंभ केला आणि लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून या उत्सवाला जोराचा पाठिंबा दिला. १८९४ च्या उत्सवात मेळे प्रथम ठळकपणे दिसले. त्यांच्या पद्यांत गणपतीची स्तुती होती, तशीच हिंदूंनी ताबूत सोडावेत अशी उघड हाकही होती. ज्या सणाच्या टोळ्यांवरून मेळ्याने आपले रूप घेतले, त्याच सणापासून लोकांना दूर करण्याचे काम त्याने पहिल्या वर्षी केले. मेळ्यांचा गौरव करताना ही गोष्ट वगळून चालणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात तात्यासाहेब नातूंचा मेळा पुण्याच्या दारूवाला पुलाजवळच्या मशिदीवरून वाजतगाजत गेला आणि तेथे मारामारी झाली. मशिदीपुढे वाद्ये वाजवावीत की नाही, हा वाद त्यानंतर कित्येक वर्षे मिरवणुकांच्या मागे लागला.

मेळा उभा राहायचा कसा? आषाढ सरत आला की आळीतल्या एखाद्या वाड्याच्या ओसरीवर, तालमीच्या आखाड्यात किंवा देवळाच्या सभामंडपात संध्याकाळी मुले जमू लागत. पद्ये दरवर्षी नवी लागत. ती रचणारा पद्यकार बहुधा शाळामास्तर, कारकून किंवा वर्तमानपत्रात लिहिणारा हौशी कवी असे. चाली मात्र त्याला नव्याने बांधाव्या लागत नसत. ‘शाकुंतल’, ‘सौभद्र’ आणि पुढे ‘मानापमान’ या संगीत नाटकांतली पदे लोकांच्या ओठांवर होती. त्यांच्या चालींवर, तशाच लावणीच्या, पोवाड्याच्या, आर्येच्या, साकीच्या चालींवर नवे शब्द बसवले जात. मेळ्याची पद्ये छोट्या पुस्तिकेत छापली जात आणि प्रत्येक पद्याच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ पदाचे पहिले शब्द दिलेले असत. श्रोत्याला तेवढे पुरे होई. हातात पुस्तिका असली की दुसऱ्या कडव्यापासून तोही गाऊ लागे. नवे राजकीय म्हणणे ओळखीच्या सुरात सांगण्याची ही युक्ती फार प्रभावी ठरली. लेख वाचू न शकणाऱ्या माणसापर्यंतही ते पद्याच्या रूपाने पोचत होते.

मेळ्यात वीस-पंचवीस मुलांपासून शंभराच्या वरपर्यंत गाणारे असत. मावळ्यांचा वेष विशेष आवडता होता. मांड चोळणा, अंगरखा, डोक्याला पागोटे, कमरेला शेला. काही मेळे पेशवाई शिपायांचा किंवा रामदासी वेष करत. हातात टिपऱ्या किंवा लेझीम, साथीला ढोलकी, डफ, झांजा आणि पुढे बाजाची पेटी व तबला. पुढे उभा असलेला गोड गळ्याचा मुलगा कडवे म्हणे आणि बाकीचे धृपद उचलत. एवढ्या मुलांना एका तालात, एका पट्टीत आणि एकाच वेळी श्वास घेऊन गायला लावणे हे मास्तरांचे खरे कसब. पट्टी उंच धरली तर लहान मुलांचे आवाज टिकत, पण मिसरूड फुटलेल्यांचे आवाज फाटत. खाली धरली तर रस्त्यावरच्या गोंगाटात शब्द ऐकू जात नसत. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात पद्य समजले पाहिजे, ही मेळ्याच्या गायकीची पहिली अट होती. ताना-पलट्यांना म्हणूनच तेथे जागा कमी होती. स्पष्ट उच्चार आणि ठसठशीत लय यांवर सारा भर असे.

उत्सव सुरू झाला की मेळा रोज रात्री गॅसबत्त्यांच्या उजेडात निघे आणि एका गणपतीहून दुसऱ्या गणपतीकडे जाई. आधी गणेशस्तवन, मग ऐतिहासिक किंवा पौराणिक पद्य, मग चालू काळावरची पद्ये आणि शेवटी आरती किंवा निरोपाचे पद, असा साधारण क्रम. यजमान पानसुपारी आणि नारळ देत, मोठ्या घरी बिदागी मिळे, चांगले गाणाऱ्या मुलाला चांदीचे पदक मिळे. ही पदके मुले पुढच्या वर्षी छातीवर लावून गात. दोन मेळे एकाच गणपतीपुढे आले तर कोण सरस यावर रात्रभर चर्चा चाले, आणि कधी कधी चर्चेवर भागतही नसे.

मेळ्याच्या पद्यांचे विषय पाहिले तर त्या काळातील सार्वजनिक जीवनाची रोजनिशीच हाती येते. दुष्काळ, प्लेग आणि त्या निमित्ताने झालेली सरकारी जुलूमजबरदस्ती, परदेशी साखर व कापड, दारूचे व्यसन, बालविवाह, शिवाजी महाराजांचे पराक्रम हे सारे पद्यांत आले. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या खुनानंतर नातू बंधूंना चौकशीविना स्थानबद्ध करण्यात आले, तेव्हा मेळ्याच्या एका प्रमुख पुरस्कर्त्यालाच सरकारने उचलले होते. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशी व बहिष्कार हे मेळ्यांच्या पद्यांचे मुख्य विषय झाले. पुण्याचा सन्मित्र समाज मेळा या काळात सर्वांत गाजला. टिळकांच्या राष्ट्रीय पक्षाची मते इतक्या थेट शब्दांत गाणारा दुसरा मेळा क्वचितच असेल.

नाशिकमध्ये मेळ्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. विनायक दामोदर सावरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०० च्या सुमारास ‘मित्रमेळा’ काढला. बाहेरून तो गणेशोत्सव व शिवजयंतीत गाणारा मेळा होता आणि आतून तरुणांची गुप्त क्रांतिकारी संघटना. १९०४ मध्ये तिचेच ‘अभिनव भारत’ झाले. या मेळ्याला लाभलेले कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, पायांनी अधू होते आणि आधी लावण्या रचत. मित्रमेळ्याच्या सहवासात त्यांच्या लेखणीने वीररसाच्या कवितेचे वळण घेतले. ती कविता मेळ्यातल्या मुलांनी नाशिकच्या चौकांत गायली. गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकर यांनी अशा कविता पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या, म्हणून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. काही पानांच्या पद्यपुस्तिकेसाठी माणसाला अंदमानात धाडले जाते, यावरून सरकारला या गाण्याची किती धास्ती होती ते दिसते. त्याच वर्षी २१ डिसेंबरला अनंत कान्हेरे यांनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला विजयानंद नाटकगृहात गोळी घातली. नाशिकच्या तरुणांच्या मंडळांवर मग सरकारची करडी नजर बसली.

टिळक १९०८ मध्ये शिक्षा होऊन मंडालेला गेले होते, १९१० मध्ये नवा प्रेस कायदा आला, आणि मेळ्यांभोवतीचा फास आवळला गेला. मिरवणुकीला परवाना लागू लागला, पद्ये आधी पोलिसांना दाखवावी लागू लागली, पद्यांची पुस्तके जप्त होऊ लागली, शाळकरी मुलांनी राजकारणात पडू नये म्हणून शाळांवर दडपण आले. मुले नसतील तर मेळा कसला? काही वर्षे मेळे नुसत्या देवस्तुतीवर आणि पौराणिक कथांवर निभावले. तरी रामाने रावणाला मारल्याचे पद्य ऐकताना रावण कोण हे श्रोत्यांना कळत होते, आणि तेवढ्यावर रस टिकून राहिला.

टिळक १९१४ मध्ये परतले आणि मेळ्यांत पुन्हा जीव आला. पण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मेळ्याचे रूप खऱ्या अर्थाने पालटले. तोवर मेळ्यांची सूत्रे बव्हंशी ब्राह्मण पुढाऱ्यांकडे आणि शिकलेल्या मुलांकडे होती. सत्यशोधक चळवळीने खेड्यांत जलशांचे फड उभे केले होतेच. आता पुण्यात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या पुढाकाराने ‘छत्रपती मेळा’ निघाला. छत्रपती मेळ्याने टिपरी, पोशाख, पद्यपुस्तिका आणि चौकाचौकांतले गायन हे सारे प्रतिपक्षाचेच साहित्य उचलले आणि त्यातून ब्राह्मणी वर्चस्वावर घणाघाती टीका केली. सन्मित्र मेळा आणि छत्रपती मेळा समोरासमोर आले की पद्याला पद्याने उत्तर मिळे, आणि पोलिसांना मध्ये पडावे लागे. टिळकांचा पुतळा १९२४ मध्ये पुण्याच्या मंडईत उभा राहिला. पुढच्या वर्षी महात्मा फुल्यांच्या पुतळ्याची सूचना नगरपालिकेने फेटाळली. या दोन्ही प्रसंगांची धग त्या वर्षांच्या पद्यांत उतरली. भाषा अनेकदा शिवराळ झाली, हे खरे आहे. पण ज्यांना आतापर्यंत फक्त ऐकण्याचे काम होते ते गाऊ लागले, हे त्याहून महत्त्वाचे. पुढे जेधे काँग्रेसमध्ये गेले आणि ही जुगलबंदी थंडावली.

अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या तरुणांनीही मेळे काढले. पां. ना. राजभोज यांचा ‘श्रीकृष्ण मेळा’ हा त्यातला प्रमुख. १९२७ च्या गणेशोत्सवात लोकमान्यांचे पुत्र श्रीधरपंत टिळक यांनी या मेळ्याला गायकवाड वाड्यात बोलावले. ज्या वाड्यातून ‘केसरी’ निघत होता, ज्या वाड्यातील गणपतीपुढे गायला मिळणे हा पुण्यातील मेळ्यांचा मोठा मान होता, तेथे अस्पृश्यांचा मेळा गाणार, हे ‘केसरी’च्या विश्वस्तांना मानवले नाही. विरोध झाला, वाद चिघळला, तरी मेळा वाड्यात आला आणि गायला. श्रीधरपंतांनी पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्याच वाड्यात समाज समता संघाची शाखा उघडली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजर होते. २५ मे १९२८ रोजी श्रीधरपंतांनी आत्महत्या केली. राजभोज १९२९ च्या पुण्याच्या पर्वती मंदिरप्रवेश सत्याग्रहात आघाडीवर होते आणि पुढे लोकसभेवर निवडून गेले. मेळ्याच्या इतिहासात गायकवाड वाड्यातल्या त्या गायनाइतका अर्थपूर्ण प्रसंग दुसरा नाही. कुठल्या गणपतीपुढे कोणी गायचे, हा प्रश्न गावातल्या मान-मरातबाचा होता, आणि या मेळ्याने तो देवळाच्या पायरीपर्यंत नेला. मुंबईतही १९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणपतीच्या पूजेचा अधिकार अस्पृश्यांना मिळावा म्हणून प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. त्यानंतरच्या काळात आंबेडकरी चळवळीने गणपतीचा आधार सोडला आणि स्वतःचा जलसा उभा केला. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्याचे मोठे नाव. बसवलेली पद्ये, संवाद, ढोलकी आणि मागे झील धरणारा संच ही मांडणी मेळ्यात आणि सत्यशोधक जलशात तयार झालेलीच होती.

मुली मेळ्यात आल्या त्या साधारण याच सुमारास. आधी लहान मुली, नंतर मुलींचे स्वतंत्र मेळे. घरंदाज मुलींनी रस्त्यात गावे काय, यावर बरीच टीका झाली, पण शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या वाढत होती आणि पालकांपैकी अनेकांना आपल्या मुलीच्या गळ्याचे कौतुक होते. नाटकात काम करणे ज्या घरांत अशक्य होते, त्या घरांतही मेळ्यात गाणे खपून गेले, कारण ते देवापुढचे आणि शेजाऱ्यांतले गाणे होते. मराठी रंगभूमी, चित्रपट व आकाशवाणीवर पुढे आलेल्या कितीतरी आवाजांची पहिली तालीम मेळ्यात झाली. मुंबईच्या गिरगावातील फणसवाडीत १९३३ मध्ये जन्मलेल्या सुलोचना कदम घरच्या ‘श्रीकृष्ण बाळमेळ्या’त लहानपणीच उभ्या राहिल्या. राजभोजांच्या मेळ्याशी त्याचे फक्त नावाचे साम्य आहे. या सुलोचनाबाईच पुढे लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण म्हणून महाराष्ट्राला माहीत झाल्या आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खुल्या जागेत, समोर हलणारी गर्दी असताना शब्द पोचवण्याची सवय मेळ्याने लावली. ठसक्याची लावणी गाताना त्यांचा एकही उच्चार विरत नसे, त्याचे मूळ या बालपणात शोधायला हरकत नाही.

मुंबईत गिरगावच्या मध्यमवर्गीय चाळी आणि लालबाग-परळचा गिरणगाव अशी मेळ्यांची दोन क्षेत्रे होती. गिरणगावातले मेळेवाले कोकण-घाटावरून आलेले कामगार. पाळी सुटल्यावर रात्री ते तालमीला बसत. त्यांच्याकडे भजनाची आणि जाखडीची सवय आधीपासून होती. खुद्द कोकणातल्या खेड्यांत शहरी पद्धतीचा मेळा मात्र फारसा रुजला नाही. तेथे गणपती घरातच राहिला आणि घरोघर फिरणारे जाखडीचे नाच, शक्ती-तुऱ्याचे सामने व भजनाच्या बाऱ्या यांनी सामूहिक गाण्याची गरज भागवली. आजही तेथे भजनाच्या डबलबारीला गर्दी लोटते.

१९३० आणि १९४० च्या दशकांत मेळा रस्त्यावरून मंचावर चढला. फिरणे कमी झाले, मांडव आणि पडदा आला. गायनाला संवाद, नकला, नाट्यछटा, नृत्य आणि छोटे फार्स यांची जोड मिळाली. नाट्यपदांच्या जागी बोलपटांच्या चाली आल्या. काही मेळे यातून चांगले करमणुकीचे संच बनले, पण शंभर मुलांनी एकत्र गाणे मागे पडत गेले आणि चार-पाच निवडक कलाकारांचे काम वाढले. हा बदल मेळ्याला मारक ठरला, असे म्हणावे लागते. एकदा निवडक कलाकारांवर येऊन ठेपल्यावर त्यांची तुलना सिनेमाशी आणि व्यावसायिक गायकांशी होऊ लागली, आणि त्या तुलनेत आळीतली मुले टिकणे शक्य नव्हते. ध्वनिक्षेपक आला आणि एकटा गायक हजारोंना ऐकू जाऊ लागला. पुण्याच्या गणेशोत्सवात गजानन वाटव्यांच्या भावगीतांसाठी रस्ते भरून जात. त्यानंतर ध्वनिमुद्रिका लावून ठेवणे सोयीचे झाले आणि १९६० च्या दशकापासून वाद्यवृंदांनी उत्सवाचा मंच घेतला. दरवर्षी नवी पद्ये, दीड महिना तालीम आणि पन्नास पोशाख यांचा खटाटोप करणारे कार्यकर्ते उरले नाहीत.

मेळ्याची रीत मात्र इतर नावांनी चालू राहिली. ४ जून १९४१ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने कलापथक काढले. वसंत बापटांनी त्याच्यासाठी गाणी लिहिली, पु. ल. देशपांड्यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य लिहिले, आणि निळू फुल्यांसारखा नट त्या पथकातून पुढे आला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि दत्ता गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांनी सभा गाजवल्या. गटाने गाणे, चालू घडामोडींवर ताजी पद्यरचना आणि ओळखीच्या चाली हे तिन्ही गुण मेळ्याच्या घराण्यातले. मुंबईत १९५३ पासून काम करणारे कामगार कल्याण मंडळ समरगीतांच्या स्पर्धा घेते, आणि त्यांत कामगारांचे संच एकसारखा वेष करून एका सुरात गातात. मेळ्याचा जुना आकार आज जिवंत पाहायचा असेल, तर तो अशा स्पर्धांत सर्वांत स्पष्ट दिसतो. पुण्या-मुंबईच्या ढोल-ताशा पथकांनी तालमीची शिस्त, वेष आणि मुलींचा सहभाग हे सारे चालू ठेवले आहे. शब्द मात्र त्यांच्याकडे नाहीत.

मेळ्यांच्या पद्यपुस्तिका स्वस्त कागदावर, एका उत्सवापुरत्या छापल्या जात. उत्सव संपला की त्या रद्दीत जात, आणि जप्त झालेल्यांपैकी काही सरकारी दप्तरात पडून राहिल्या. आवाज तर फारसे कुणी मुद्रित करून ठेवले नाहीत. म्हणून या पुस्तिका हाच त्या गाण्याचा मुख्य पुरावा आहे. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, गणेश मंडळांच्या कपाटांत किंवा पोथ्यांच्या गठ्ठ्यात अशी पुस्तिका सापडली, तर ती टाकून न देता गावाच्या वाचनालयाकडे किंवा जवळच्या इतिहास संशोधन संस्थेकडे द्यावी. त्याबरोबर मेळ्याचे नाव, आळी, वर्ष आणि गाणाऱ्यांची माहिती घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावी.